खिडकीच्या कडा

माझ्या डब्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीत नाईकवाडे सरांनी दोन बोटं घातली, घास उचलून तोंडात टाकला आणि तीच बोटं चाटत म्हणाले, "चारुताई, तुम्ही जेवताना बोलत नाही हे फार बरं आहे. मी बोलतो, तुम्ही ऐका."

मी डबा थोडा माझ्याकडे ओढला. कोशिंबीर आता खाण्यासारखी राहिली नव्हती.

मौनभोजनाचा नेम मी लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात धरला होता आणि चातुर्मास संपला तरी सोडला नव्हता. पहिला घास घेतला की चूळ भरेपर्यंत शब्द नाही. चुकून बोलले तर पानावरून उठायचं आणि तो दिवस तसाच काढायचा. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं. सुरुवातीला थट्टा झाली, मग सवय झाली, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की न बोलणाऱ्या माणसापुढे काहीही बोलता येतं. त्या जेवणाच्या टेबलावर मी जे जे ऐकलंय, ते सांगायला गेले तर आजही तोंड धुवावंसं वाटेल.

"उद्या अकराला सत्यनारायण," सर म्हणाले. "धुळ्याहून खैरनार साहेब येतायत. त्यांना त्या दिवसाचा ग्राफ दाखवला की विषय संपला. बोर्सेनं प्रोफायलरच्या फिल्टरमध्ये छोटासा बदल केलाय. संध्याकाळपर्यंत तुमचं अप्रूव्हल हवं. बघून घ्याल ना?"

मी मान हलवली. बघून घेणं हे माझं कामच होतं. आमच्याकडे नियम होता की एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय आत जायचा नाही. प्रोफायलरचा कोड तपासायचा मान माझा, कारण मूळचा तो मीच लिहिला होता.

"झालं तर मग!" असं म्हणून त्यांनी पुन्हा बोटं पुढे केली. मी डब्यावर झाकण ठेवलं.

आमची कंपनी नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, बॉयलरच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कॉल सेंटरसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. धुळ्याकडच्या एका खासगी सेवेनं, म्हणजे खैरनार साहेबांच्या संस्थेनं, ते घेतलं होतं. त्यांच्याकडे एक दिवस एका शिक्षकांच्या घरून फोन आला. छातीत कळ आलेली. फोन घेतला ललिता पाडवी नावाच्या बाईंनी. गाडी फार उशिरा निघाली आणि शिक्षक वाटेतच गेले. ललिताबाई म्हणत होत्या, स्क्रीन गोठला होता. सेवेचे लोक म्हणत होते, बाई गडबडली. आणि आमचे सर म्हणत होते, आमच्याकडे पुरावा आहे.

पुरावा म्हणजे प्रोफायलर. सॉफ्टवेअरच्या नाडीवर ठेवलेलं बोटच म्हणा ना. कुठलं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं याची तो नोंद ठेवतो, आणि एका आडव्या पट्टीवर ती कामं रंगीत ठोकळ्यांसारखी मांडून दाखवतो. दिवसभराची पट्टी भलतीच लांब होते. म्हणून हवा तेवढाच वेळ बघण्यासाठी तिच्यावर एक खिडकी ठेवायची, इथपासून इथपर्यंत. खिडकीच्या दोन्ही कडा माऊसनं धरून हव्या तशा ओढता येतात. त्या खिडकीत काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारा कोड म्हणजे वेळेचा फिल्टर.

त्या जेवणाच्या काही दिवस आधी एकदा मी ललिताबाईंशी फोनवर बोलले होते. नक्की काय झालं ते विचारून घ्या, असं सरांनीच सांगितलं होतं.

"मी पत्ता टाइप करत होती ना ताई," त्या म्हणाल्या होत्या. "अक्षरंच उमटत नव्हती. मी दाबत होती, दाबत होती. तिकडून त्यांची मुलगी रडत होती. मी तिला म्हटलं, थांब बाई, येतेय गाडी, येतेय. आता लोक म्हणता, तू दाबलंच नाही. घाबरून बसून राहिली. ताई, मी बसून राहिली असती तर मला आठवलं नसतं का?"

"मशीनमध्ये सगळी नोंद असते," मी म्हटलं होतं. "तुम्ही काळजी करू नका."

ग्राफ त्यांच्या विरुद्ध गेला तर त्यांची नोकरी जाणार होती, आणि एका माणसाचं मरण त्यांच्या नावावर कायमचं चढणार होतं. हे मला ठाऊक होतं. सरांनाही होतं.

डबा धुऊन मी जागेवर आले आणि बोर्सेचा कोड उघडला.

शशांक बोर्से माझ्या शेजारीच बसायचा. त्याच्या टेबलावर चहाचा कागदी कप कायम असायचा आणि त्या कपात सुपारीची थुंकी साचलेली असायची. कप भरला की तो तसाच ठेवून दुसरा आणायचा. तिकडे बघायचं नाही, असा मी एक जादा नेमच करून घेतला होता. पण कोड असा नेटका की बघत राहावं. नावं नीट, समास नीट, प्रत्येक तुकड्यावर समजावणारी टीप. त्यानं चाचण्याही लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्या हिरव्या होत्या. मला आधी कौतुकच वाटलं. म्हटलं, माणूस सुधारला.

मग मी नियम वाचला.

माझा नियम साधा होता. ज्या कामाचा खिडकीला स्पर्श झाला ते दाखवायचं. जेवढं बाहेर जाईल तेवढं कडेला कापायचं. बोर्सेनं तो पुसून दुसरा घातला होता. जे काम खिडकीच्या आतच सुरू झालं आणि आतच संपलं, तेवढंच दाखवायचं. वर टीप होती, 'कडेचा कचरा टाळण्यासाठी.' आणि त्या हिरव्या चाचण्यांपैकी एकीतही खिडकीपेक्षा मोठं काम घातलेलं नव्हतं.

मी त्या दिवसाची नोंद उघडली. फोन वाजला तिथे डावी कड ठेवली, फोन ठेवला गेला तिथे उजवी. बोर्सेच्या नियमानं खिडकी पांढरी दिसली, धुतल्यासारखी. चार-दोन हिरव्या रेघा, केसांसारख्या बारीक. सॉफ्टवेअर निवांत बसलंय, कुणी काही दाबण्याची वाट बघतंय, असं ते चित्र होतं.

मग माझा जुना नियम लावला. खिडकी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल झाली.

एकच ठोकळा. जुन्या नोंदींची आवराआवर करणारं आमचंच काम. फोन वाजायच्या जरा आधी सुरू झालेलं आणि फोन ठेवल्यानंतर संपलेलं. त्या बारीक रेघा सोडल्या तर तेवढ्या वेळात सॉफ्टवेअरनं दुसरं काहीच केलं नव्हतं. ललिताबाईंची अक्षरं त्या ठोकळ्यामागे रांगेत उभी होती. ठोकळा खिडकीपेक्षा मोठा, म्हणून खिडकीत दिसत नव्हता.

उष्ट्या ताटावर धुतलेलं केळीचं पान पसरावं आणि त्यावर पाहुण्याला वाढावं, तसा तो कोड होता. घाणेरडा असता तर कदाचित एवढं वाटलं नसतं.

"बोर्से," मी म्हटलं, "हा नियम असा का?"

"कुठला?" त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"अर्धवट आत असलेली कामं गाळायचा."

"स्वच्छ दिसतं ताई. कडेला ते अर्धे तुकडे बरे नाही दिसत."

"आणि दोन्ही कडांच्या बाहेर गेलेलं काम?"

"तेपण गाळलं जातं. ओघानं."

"म्हणजे एकादशी आज सूर्योदयाच्या आधी लागली आणि उद्या सूर्योदयानंतर सुटली, तर आजच्या दिवसात एकादशी सुरूही नाही झाली आणि संपलीही नाही. तुमच्या नियमानं आज एकादशीच नाही. दिवसभर तिथी असून नाही."

बोर्से हसला. पलीकडच्या रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "ऐका रे! चारुताईंच्या एकादशीला आजपासून मटण चालतं!"

दोघं-तिघं हसले. मी हसले नाही. हसणं ओसरल्यावर त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आवाज उतरवला.

"ताई, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? सर म्हणाले, खिडकी स्वच्छ पाहिजे. मी स्वच्छ केली. मी लिहिलं, तुम्ही बघितलं, संपलं. तुमचं-माझं काय जातं?"

"ललिताबाईंचं जातं."

"कोण ललिता?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला नाव ठाऊक होतं. त्या दिवसाची नोंद त्यानंच धुळ्याहून आणली होती. त्यानं कप उचलला, त्यात थुंकला आणि कप परत माझ्याच बाजूला ठेवला.

मी नामंजूर केलं. खाली कारण लिहिलं, शांतपणे आणि सविस्तर. दोन्ही चित्रं जोडली, पांढरं आणि लाल. घटका-दीड घटकेत सरांनी बोलावलं.

सरांच्या केबिनमध्ये टेबलावर दत्ताची तसबीर होती, तिच्यापुढे उदबत्ती लावलेली, आणि सर राखेत काडीचं टोक बुडवून त्याच काडीनं दात कोरत होते.

"बसा. चारुताई, जगात सगळीकडे असे फिल्टर असतात."

"असतात सर. पण काय गाळलंय ते तिथे वर लिहिलेलं असतं."

"बारकावे झाले ते."

"त्या बाईंची नोकरी जाईल."

"जाईल तर दुसरी लागेल. ती पाडवी काय, आज इथे, उद्या तिथे. त्या लोकांना सवय असते."

"कुठल्या लोकांना?"

सरांनी काडी टेबलाच्या खणात टाकली. "तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या बाई. मी तुम्हाला कधी शब्द लागू दिलाय का? एकदा तरी म्हटलंय, उपास आहे म्हणून लवकर जाऊ नका? सगळं सांभाळून घेतलं. आपण घरातली माणसं आहोत. आणि घरातलं बाहेर काढत नाहीत."

मी खुर्ची मागे सरकवून उठले.

"विचार करा," ते म्हणाले. मग एकदम गोड आवाजात, "आणि हो, उद्याचा प्रसाद. तुमच्याच हातचा पाहिजे. सोवळ्यातला. बाहेरचा मला चालत नाही."

त्यांना बाहेरचा शिरा चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरा केला. माणसावरच्या रागापायी देवाचं काम टाकायचं नाही, एवढं मला कळत होतं. सव्वाच्या मापानं रवा, तूप, साखर, दूध, केळी. केळी तुपात परतताना एरवी मला त्या वासानं प्रसन्न वाटतं. त्या सकाळी तो वास नकोसा झाला. सर माझ्या कोशिंबिरीत फिरवतात ती बोटं ह्या पातेल्यात येणार, हेच डोळ्यांपुढे दिसत राहिलं. तरी मी तुळशीचं पान ठेवलं, फडकं बांधलं आणि रिक्षा केली.

ऑफिसात केळीचे खुंट बांधून चौरंग सजवला होता. सर जांभळा कद नेसून बसले होते आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दर थोड्या वेळानं आपोआप उजळत होतं. शेजारी त्यांच्या पत्नी, पैठणीत. पूजेतल्या गणपतीसोबत बोर्सेचा लॅपटॉपही चौरंगापाशी मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. वर झेंडूचं फूल.

मी पातेलं ठेवत होते तेव्हा बोर्से जवळ आला. त्या दिवशी त्याच्या तोंडात सुपारी नव्हती.

"ताई, एक सांगायचंय. सरांनी तुमच्या नावानं मंजूर करून टाकलं."

"काय?"

"म्हणाले, त्यांनी माझ्यासमोर मान हलवली, जेवताना. तेच त्यांचं उत्तर, नंतरचं ते कागदी आहे. तुमची ती नामंजुरीची मोठी नोंद काढून टाकायला लावली मला. आता त्याच्याखाली तुमचं नाव आहे. तपासलं, चारुशीला, मंजूर."

"आणि तुम्ही काढलीत."

"ताई, सरांपुढे..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि नैवेद्याच्या ताटाला नमस्कार करून निघून गेला.

माझ्या मौनातून त्यांनी होकार काढला होता. इतकी वर्षं जपलेल्या नेमाला कुणी खरकटा हात लावावा, तसं मला वाटलं. पुन्हा पुन्हा हात धुवावेसे वाटत होते, पण पूजा सुरू झाली होती आणि मधून उठणं बरं नव्हतं. मी भिंतीशी बसले.

कथा सुरू झाल्यावर खैरनार साहेब आले. उंच, घामेजलेले, हातात फाईल. त्यांच्यामागे एक सावळ्या, बारीक बाई. चप्पल दाराबाहेर अगदी कडेला काढून त्या दाराशीच बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"ह्या पाडवीबाई," खैरनार माझ्या शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले. "ग्राफ बघतील आणि सही करतील. वरच्यांचं म्हणणं आहे, त्यांनी स्वतः बघितलेलं बरं. नंतर तक्रार नको."

गुरुजी कथा सांगत होते. व्रत बोलून विसरणाऱ्यांची, खोटं बोलणाऱ्यांची काय गत झाली, ते त्यांनी चांगलं रंगवून सांगितलं. सर डोळे मिटून माना डोलावत होते. एका ठिकाणी तर त्यांनी कदाच्या टोकानं डोळ्यांची कड टिपली. मी मान दुसरीकडे वळवली.

आरती झाली. खैरनारांना परतायची घाई होती, म्हणून एकीकडे प्रसाद वाटायचा आणि एकीकडे ग्राफ दाखवायचा असं ठरलं. प्रोजेक्टर लागला. लॅपटॉपवरचं झेंडूचं फूल बाजूला करून बोर्सेनं तो टेबलावर नेऊन उघडला. कळांवर कुंकू सांडलेलं होतं. भिंतीवर पट्टी आली, तिच्यावर खिडकी. पांढरी.

"हे बघा साहेब," सर म्हणाले. कदातच उभे होते, कपाळावर गंध. "फोन वाजला तो हा क्षण. ठेवला तो हा. मध्ये आमच्या सॉफ्टवेअरवर ताण म्हणून नाही. स्वच्छ! आणि हे मी सांगत नाही. हा फिल्टर आमच्या चारुताईंनी स्वतः तपासलाय. खाली नाव आहे बघा. ह्या बाई पाण्याचा थेंबसुद्धा नेम सोडून घेत नाहीत."

सगळे माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. खैरनारांनी मला हात जोडले.

ललिताबाई उठून भिंतीजवळ आल्या होत्या. त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होत्या, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं नसणार, मी बोललेच नव्हते. पण नाव त्यांना आठवत असावं.

"तुम्ही बघितलं का ताई?" त्यांनी विचारलं. "मग माझंच चुकलं असेल. मला वाटलं, मी दाबत होती. घाबरली असेल मी. माणसाला असं वाटतं ना कधी कधी?"

खैरनारांनी फाईलमधून कागद काढला आणि खिशाचं पेन उघडून पुढे केलं.

तेवढ्यात सरांच्या पत्नी प्रसादाचे द्रोण घेऊन माझ्यापुढे आल्या. "घ्या चारुताई. तुमच्याच हातचा."

"मी घेणार नाही, वहिनी."

मी हळूच म्हटलं होतं. मला मोठ्यानं बोलता येत नाही, आजही येत नाही. पण सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हटलेलं मोठ्यानं म्हणावं लागत नाही. वहिनींचा हात तसाच राहिला. चौरंगापाशी आवराआवर करणारे गुरुजी वळले.

"अहो बाई, प्रसादाला नाही म्हणू नये. आत्ताच ऐकलंत ना?"

"देवाला नाही म्हणत, गुरुजी. आधी एक काम आहे. तोंडात घास गेला की मला बोलता येत नाही."

"चारुताई," सर हसत म्हणाले, "काम नंतर करू. आधी प्रसाद."

"ललिताबाई, इकडे या," मी म्हटलं. "सही नंतर करा."

त्या आल्या. मी बोर्सेकडे बघितलं. तो खुर्चीतून उठला. मी उठा म्हटलं नव्हतं. मी ललिताबाईंना तिथे बसवलं.

"हा माऊस धरा. ह्या पांढऱ्या चौकोनाची डावी कड दिसतेय? तिच्यावर न्या, दाबून धरा, आणि डावीकडे ओढा."

"काही बिघडणार नाही ना?"

"काही नाही. नुसतं बघायचंय."

त्यांनी कड ओढली. भिंतीवरची खिडकी डावीकडे रुंदावली. पांढरीच. आणखी दोन हिरव्या रेघा आल्या, बस.

"बघा!" सर खैरनारांना म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं, तसे ते हसलेही. "अजून मोठी करा, आमची हरकत नाही. जेवढी मोठी, तेवढी स्वच्छ."

त्यांना बोर्सेचा नियम कळलाच नव्हता. फक्त हवा तसा मिळाला होता.

"आता उजवी कड," मी म्हटलं.

"नको," बोर्से पुटपुटला. मला की स्वतःला, कुणास ठाऊक.

ललिताबाईंनी उजवी कड धरली. एकदा सुटली, पुन्हा धरली. ओढली. थोडी, आणखी थोडी. कड त्या ठोकळ्याच्या टोकापलीकडे गेली आणि भिंत लाल झाली.

मघाची ती पांढरी जागा सगळीच्या सगळी त्या लालाच्या पोटात होती. गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्यावरसुद्धा लाल उजेड पडला.

"हे काय आहे ताई?" ललिताबाईंनी विचारलं.

"तुम्ही दाबत होता ना, तेव्हा आमचं सॉफ्टवेअर हे करत बसलं होतं. तुमची अक्षरं घ्यायला ते मोकळं नव्हतं."

"म्हणजे मी दाबत होती."

"हो."

"मी बसून नव्हती राहिली."

"नाही."

त्यांनी माऊस सोडला नाही. कड धरूनच ठेवली होती, सोडली तर पुन्हा पांढरं होईल अशी.

खैरनार पुढे आले, भिंतीच्या अगदी जवळ, लाल उजेडात. "नाईकवाडे, हे मघाशी का नाही दिसलं?"

"ती एक टेक्निकल बाब आहे साहेब. कडेच्या गोष्टी..."

"ही कडेची गोष्ट आहे?" त्यांनी हात पसरून भिंत दाखवली. मग बोर्सेकडे बघितलं. बोर्सेनं खाली बघितलं आणि म्हणाला, "सर म्हणाले तसं केलं."

"मी म्हणालो? आणि मंजूर कुणी केलं? नाव कुणाचं आहे खाली?" सर माझ्याकडे वळले. आता हसत नव्हते. "सांगा ना चारुताई. काल माझ्यासमोर मान हलवलीत की नाही? सांगा सगळ्यांना!"

खैरनारांनी सहीचा कागद घडी घालून फाईलमध्ये ठेवला आणि पेनला टोपण लावलं. मला तेवढंच बघायचं होतं.

वहिनींनी तो द्रोण गोंधळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला होता. ललिताबाईंचं त्याच्याकडे लक्ष गेलं. पहाटे धुळ्याहून निघालेल्या होत्या. वाटलेल्या प्रसादात त्यांच्यापर्यंत कुणी द्रोण आणलाच नव्हता.

"हा तुमचा का ताई?"

"घ्या ना."

त्यांनी माऊस सोडला, उठून हात रुमालाला पुसला आणि द्रोण उचलला. आधी कपाळाला लावला. मग त्या पुसलेल्या हातानं त्यातला अर्धा शिरा घेऊन माझ्या तळहातावर ठेवला.

"चारुताई, मी तुम्हाला विचारतोय!" सरांचा आवाज चढला होता. घड्याळ पुन्हा उजळलं. "इतकी वर्षं माझ्या अन्नावर... बोला ना आता! होय की नाही?"

मी घास तोंडात घातला. केळ्याचा वास आला, तुपाचा आला. शिरा चांगला झाला होता.

सर बोलत राहिले. घरातली माणसं, विश्वास, देवाधर्माचं ढोंग, उद्यापासून येऊ नका, बरंच काही. मी सावकाश खात होते. ललिताबाई माझ्या शेजारी उभ्या राहून आपला वाटा खात होत्या, आणि भिंत अजून लाल होती.

ह्या वेळी मी मानसुद्धा हलवली नाही.